तफावत

चेंबूर नाक्याच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर,
खाली टायर रिमोल्डिंगचं दुकान,
तिथे बसून आम्ही मंगळाची हवा सांगतो.

हवा म्हणजे नावाला. इथल्या हवेच्या
शंभराव्या हिश्शालाही ती पुरत नाही.
वादळ आलं तरी अंगावरची ओढणी हलायची नाही,
असं तुस्कानो म्हणतो.
पण तेवढ्याशाच हवेवर
हवाई छत्री उघडायची असते,
ताशी दीड हजार किलोमीटरच्या वेगात.
धूळ वर चढली की ऊन पिते,
हवा फुगते,
आणि छत्रीला जिथे टेकू सापडायचा
तिथे सापडत नाही.

आमच्या खिडकीवर रोज सकाळी करडी धूळ.
समोर एक बिल्डिंग पाडतायत, तिच्या मागे दुसरी.
मी बोटाने रेघ ओढते,
दुपारी ती किती बुजली ते बघते.
याला काही शास्त्र नाही.
पण धूळ आधी कुठेच नसते, मग सगळीकडे असते,
मधलं कुणी पाहिलेलं नाही,
हे मी मॉडेलवर नाही, या खिडकीवर शिकले.

बंगळुरूहून फोन आला:
मॅडम, एक आकडा द्या.
उतरायच्या क्षणीचा वारा, जमिनीलगत.
माझ्याकडे चाळीस होते.
चाळीस वेळा चालवलेलं मॉडेल, चाळीस मंगळ,
एकात सगळं निवांत,
एकात दरीतून चढणारा झोत,
एकात असं काही, जे मी कुणाला दाखवलं नाही.
त्यांना एकच हवा होता.
सात, म्हटलं. सेकंदाला सात मीटर.
अधिक उणे?
अधिक उणे चार.
आई आमटीत मीठ टाकताना म्हणायची,
अंदाज हातात असतो.
तिला चाखता यायचं.

माझे वडील, मोरेश्वर त्रिलोकेकर,
अपोलो बंदरला भरतीमापकावर कारकून.
छापील तक्त्यात पाणी किती येणार ते असायचं,
ते शेजारी लिहायचे किती आलं,
आणि तिसऱ्या रकान्यात लाल पेन्सिलीने: तफावत.
चार इंच वर. दोन इंच खाली.
एकदा विचारलं, म्हणजे तक्ता चुकतो?
म्हणाले, तक्ता बरोबर आहे.
समुद्रही बरोबर आहे.
मधे जे उरतं, त्याचा मला पगार मिळतो.

उतरायच्या रात्री कुणी जेवलं नाही.
कुणी ठरवलं नव्हतं,
ग्रहणाचे वेध लागावेत तसं झालं.
तिथलं इथे पोचायला अकरा मिनिटं.
म्हणजे आम्ही श्वास रोखला
तेव्हा यान टेकलेलं होतं, नाहीतर फुटलेलं.
घडून गेलेल्या गोष्टीसाठी
हात गार पडले होते.
खाली टायरवाल्याने शटर ओढलं,
त्या खडखडाटात पहिली खूण आली,
कुणाला ऐकूच गेली नाही, दिसली.
तुस्कानो रडला.
मग वसईला बायकोला फोन लावला
आणि एवढंच म्हणाला, जेव आता.

पहाटे यानाने स्वतःचं वारामापक उभं केलं.
दोन पॉइंट एक.
माझ्या अधिक-उण्याच्याही बाहेर.
अहो उतरलं ना, कुणीतरी पेढा पुढे केला.
उतरलं.
पण तो सात मीटरचा वारा,
ज्याच्यासाठी मी तीन रात्री जागले,
छत्रीची दोरी न् दोरी ज्याच्या हिशोबाने ताणली,
तो कुठल्या दरीत बसून राहिला?
की तो त्या एकोणचाळीसांपैकी
कुठल्यातरी मंगळावर आत्ता सुटलाय,
आणि तिथे कुणीच उतरत नाहीये?

वही उघडली. तीन रकाने आखले.
लाल पेन्सिल नव्हती,
तुस्कानोच्या मुलीचं स्केचपेन मिळालं, गुलाबी.
उणे चार पॉइंट नऊ.
आकडा जरा लाडिक दिसला.

फोन परत वाजला.
मॅडम, अभिनंदन. उद्या पॅनेल उघडायचेत,
उद्याचा वारा सांगता का?
पेढा तोंडात होता.
एक मिनिट, म्हटलं,
आणि खिडकीकडे बघितलं.